तुम्ही विचारलेत म्हणून: मी औषध का सांगत नाही

आषाढ लागला की कोल्हापुरातल्या कपिलतीर्थ मंडईत राधानगरी-भुदरगडकडच्या बायका टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्यांचे वाटे मांडून बसतात आणि त्याच दिवसांत मला प्रश्न येऊ लागतात. भारंगीची भाजी मी सविस्तर सांगते: कोवळी पानेच घ्यावीत, उकडून कडू पाणी ओतून द्यावे, घट्ट पिळून भरपूर कांदा-लसणावर परतावीत. पण त्यापाठोपाठ ‘मग दम्याला भारंगीचे मूळ किती द्यायचे?’ असे कोणी विचारले की मी उत्तर देत नाही. ठाऊक असून लपवते, हा आरोप आता फार झाला. मी काहीही लपवत नाही. का सांगत नाही, ते एकदा लिहिते.

2020 च्या जूनमध्ये, करोनाच्या भीतीने, मी वडिलांना गुळवेलीचा काढा सुरू केला. आमच्या परसातल्या कडुनिंबावर ती चढलेली आहे आणि कडुनिंबावरची गुळवेल सर्वांत गुणाची, असे आजी सांगत असे. रोज सकाळी अंगठ्याएवढे जाड कांड कापून, कागदासारखी सुटणारी साल काढून, ठेचून, चार पेले पाण्याचा एक पेला होईपर्यंत मी ते आटवत असे. आबांना तो कडूपणा सोसत नसे. ‘आज राहू दे की गं,’ ते म्हणत. ‘आजीच्या हातचा असता तर घेतला असतात ना?’ असे मी म्हटले की डोळे मिटून पीत. दिवाळीच्या सुमारास त्यांची भूक गेली, लघवी गडद झाली आणि एके सकाळी डोळे पिवळे दिसले. तेव्हा मी जे केले ते अजून मला सहन होत नाही. कावीळीवरही गुळवेलच सांगितली आहे म्हणून मी त्यांना दवाखान्यात न नेता काढा दोन वेळा सुरू केला. आठ दिवस.

शेवटी नेले. संसर्गाच्या कावीळीच्या तपासण्या निर्दोष आल्यावर डॉक्टरांनी विचारले, ‘काही झाडपाल्याचे घेता का?’ आबांनी माझ्याकडे पाहिले आणि ‘नाही’ म्हणाले. मला बोल लागू नये म्हणून ते खोटे बोलले, आणि मी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी मी एकटी जाऊन सगळे सांगितले. काढा बंद झाला. डोळे पूर्ण पांढरे व्हायला तीन महिने लागले.

2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची ओळखच नीट पटवलेली नाही, ती तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असे त्यांचे म्हणणे होते. हा आधार मी किती आशेने वाचला! पण आमची वेल खरीच होती: पाने दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, खोडावर मोठे फोड नाहीत, आडवे कापले की आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. चुकीच्या वेलीची सबब मला नव्हती. आबांच्या यकृतात आधीपासून काही दोष असेल, हेही शक्य आहे. ते मला कधीच कळणार नाही.

त्या वेळची ‘मी’ आजही माझ्याशी वाद घालते: आजीने जन्मभर पाला दिला, कोणाचे वाईट झाले? पण आजी तापाला काढा देत असे आणि ताप उतरला की तीन-चार दिवसांत बंद करत असे. मी निरोगी माणसाला पाच महिने पाजला. टाकळा पंधरा-वीस दिवसांत जून होतो, म्हणून भाजी आपोआप थांबते. काढा कधी थांबवायचा, हे आजी रोग्याकडे पाहून ठरवत असे. तुम्ही मला विचारता तेव्हा तुमचा रोगी माझ्यासमोर नसतो.

यामुळे आजीची विद्या खोटी ठरली, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांशीही मी भांडते. गेल्या आठवड्यात खोकला झाला तेव्हा मी स्वतः अडुळशाच्या पानांचा रस मधातून घेतला. हे विसंगत आहे, कबूल. तरीही किती घेतला ते सांगणार नाही. वेल अजून कडुनिंबावर आहे. मी काढायला निघाले होते, तेव्हा आबांनीच ‘तिचा काय दोष?’ म्हणून अडवले.