परतायचं कुठे?

सदाशिव पेठेत एका वाचनालयाच्या माडीवर मी रविवारी कथालेखनाचा वर्ग घेते. दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "ताई, धरणात गाव गेलेल्या शेतकऱ्याच्या गोष्टीला तो 'नायकाचा प्रवास' लावता येतो का हो?" आजवर "पुढच्या रविवारी बघू" म्हणत वेळ मारून नेली. आता तुम्हीही तेच विचारलंत, तर सांगते.

अमेरिकेतले पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ सालच्या पुस्तकात देशोदेशीच्या पुराणकथांतून काढलेला हा साचा थोडक्यात असा: नायकाला हाक येते, तो आधी नाही म्हणतो, मग उंबरठा ओलांडतो, संकटं झेलतो आणि काहीतरी मोलाचं घेऊन घरी परततो.

आपल्या गोष्टीत हाक येत नाही, नोटीस येते. आणि साच्यात 'नाही म्हणणं' म्हणजे नायकानं घटकाभर कच खाणं. इथं तोच सगळा पराक्रम. १९२१च्या रामनवमीला मुळशीचे शेतकरी धरणाच्या कामाला आडवे गेले, 'जान किंवा जमीन' म्हणाले, सेनापती बापट तुरुंगात गेले. ती गोष्ट अख्खी नकाराचीच आहे. धरण झालंच, ते वेगळं.

पण खरा पेच परतण्याचा. अमेरिकन लेखक स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' ही जमिनीवरून हुसकावलेल्या शेतकरी कुटुंबाची कादंबरी घ्या. ही १९३९ची, म्हणजे कॅम्पबेलच्या पुस्तकाच्या दहा वर्षं आधीची. टॉम जोड पॅरोलवर सुटून ओक्लाहोमातल्या आपल्या शेतावर येतो, तर घर ओस पडलेलं, एक कोपरा ट्रॅक्टरनं ढकलून दिलेला. साच्यात जे शेवटी यायचं, ते इथं सुरुवातीलाच उरकलं! पुढचा सगळा प्रवास आहे तो परतीची वाट बंद झाल्यावरचा. निघायच्या पहाटे आई जुन्या पत्रांची पेटी उघडते, चार दागिने काढून घेते आणि पेटी चुलीत घालते. हे पान मी वर्गात दोनदा वाचून दाखवते. पुढे टॉम कुटुंब सोडून निघून जातो. वाचकाची नजर त्याच्या मागे जाते, पण उरलेल्यांना पोटाशी धरून ठेवते ती आई. मला विचाराल तर नायक तीच. साच्यात मात्र तिला जागा नाही, कारण ती कुठे 'निघत' नाही, ती नेते.

आता घरचं. आजीचं गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याखाली. नव्या वसाहतीत चाळीस वर्षं काढली, तरी तिला ती 'वस्तीच'. 'गाव' म्हटलं की पाण्यातलं. (पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत जातं. म्हणजे आम्ही पुणेकर तिच्या गावावर रोज काय सोडतो, ते तिला सांगायचं धाडस मला कधी झालं नाही.)

उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवाचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला शहरातून गाड्या भरभरून लोक येतात. आजीच्या गावाला देऊळबिऊळ काही नव्हतं. दिसायची ती जोत्याची दगडं आणि भेगाळलेला गाळ. ती चपला हातात घेऊन त्या गाळातून जायची, एका जागी थांबायची आणि म्हणायची, "हितं चूल." दोन पावलं पुढं, "हितं म्हशीचा खुंटा." मग घरी येऊन आजोबांना सांगायची, "जाऊन आले बाई घरी." पावसाळ्यात घर पुन्हा पाण्यात.

असं परतणं दर वर्षी. मोलाचं काय आणायची म्हणाल, तर एकदा रांजणाची तळहाताएवढी खापरी आणली. कुणी तिचं कौतुक केलं नाही, तिनंही देव्हाऱ्यात ठेवली नाही. वस्तीतल्या घराची फरशी उंचसखल होती, दिवाण डुगडुगायचा. त्याच्या पायाखाली ती खापरी बरोब्बर बसली.