भरदुपारी मेणबत्ती

रविवारी जेवणं झाली, खरकटी भांडी मोरीत गेली आणि मला मेणबत्तीच्या उजेडात फोटो काढायची हुक्की आली. बाहेर रणरणतं ऊन. पडदे ओढले, फटींना चादरी अडकवल्या. घरातल्यांनी विचारायचं कधीच सोडलंय.

कारण झालं ते हार्लेम शहरातल्या पीटर क्लास या डच चित्रकाराचं १६२८ मधलं एक चित्र. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, मी अर्थात फोनवर पाहिलं. जेमतेम २४ बाय ३६ सेंटिमीटरचं. कवटी, पिसाची लेखणी, कलंडलेला पेला आणि शेवटची धुगधुगी उरलेला तेलाचा दिवा. अशा चित्रांना व्हॅनिटास म्हणतात. शब्द बायबलमधल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाच्या लॅटिन भाषांतरातला : सगळं व्यर्थ आहे. जेवून तुडुंब झालेल्या माणसाला दुपारी हे विशेष पटतं.

कवटी कुठून आणायची? नारळ घेतला. शेंडी काढली, तीन डोळे कॅमेऱ्याकडे केले. पेल्याच्या जागी तांब्याचं फुलपात्र आडवं ठेवलं. बाबांचं बंद पडलेलं घड्याळ, गेल्या वर्षीचं पंचांग. देवघरातला शंख आणावासा वाटला, कारण हार्मेन स्टेनवाइकच्या लंडनमधल्या चित्रात मोठा शंख आहे. तिथे तो ऐश्वर्याचं, म्हणजे सोडून जायच्या गोष्टींचं चिन्ह. आपल्याकडे तो विष्णूच्या हातात. मग राहू दिला, उगाच भानगड नको. या डच मंडळींना अर्धवट सोललेल्या लिंबाचा फार सोस, म्हणून एक लिंबू कापून पुढे ठेवलं.

काळोखी भिंत नेमकी दक्षिणेची निघाली. निरांजन असतं तर अडले असते. धनत्रयोदशीचा यमदीप सोडला तर दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावायचा नाही, हे हाडात मुरलेलं. मेणबत्तीला तोंडच नसतं, म्हणून सुटले.

फोनला मात्र अंधार सोसत नाही. नाइट मोडनं अख्खी खोली ट्यूबलाइट लावल्यासारखी करून दिली. तो बंद केला, उजेड कमी केला, फोन डाळीच्या डब्याला टेकवून टायमर लावला. मेणबत्ती वीतभर लांब सरकवली तर नारळ दिसेनासाच झाला. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाईवर येतो, हे शाळेत पाठ केलं होतं, पटलं आत्ता.

तेवढ्यात भांड्यांच्या मावशी दार ढकलून आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. बंद खोली, मेणबत्ती, शेंडी काढलेला नारळ, कापलेलं लिंबू.

“ताई, घरात सगळं बरं आहे ना?”

“फोटो काढतेय, मावशी.”

“कुणी सांगितलं काढायला?”

आता हार्लेम कुठून सुरू करायचं? मावशी भांडी घासायला गेल्या, पण जाताना टेबलाला चांगला हातभर वळसा घालून.

मुख्य गोष्ट राहिलीच होती. मला धूर हवा होता, नुकत्याच विझलेल्या वातीचा. म्हणजे फुंकर मारायला हवी. तोंड पुढे नेलं आणि आजी आठवली. आमच्या वाईच्या घरी दिवा ‘विझव’ म्हणायची सोय नव्हती. बांगडी फुटत नसे, वाढत असे. तसा दिव्याला निरोप द्यायचा, तोही पदराच्या वाऱ्यानं. फुंकून नाही. माझ्या वाढदिवसाला केक आला तेव्हा आजीनं मेणबत्त्या फुंकू दिल्या नाहीत. त्या जळून जळून केकवर गुलाबी मेण साचलं आणि आम्ही ते खरवडून केक खाल्ला. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात सावंतवाडीच्या हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र आहे ना, मॉडेल म्हणून त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती ते? तिनं ज्योतीला आडोसा धरलाय आणि बोटं उजेडानं लालसर झालीत. आजीच्या पंथाचं चित्र.

आजी गेली तेव्हा मी दहा वर्षांची. माजघरात ती गेली त्या जागी पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. सकाळी पिठात पावलं उमटतात, त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं म्हणे. रात्री मला झोप येईना. उठून गेले. दिव्याच्या उजेडात टोपली मोठी दिसत होती. ती उचलली. पीठ अगदी गुळगुळीत, कुणी आलंच नव्हतं. मला ते बघवेना. तीन बोटं टेकवली आणि टोपली होती तशी ठेवून पळाले.

सकाळी आत्यानं टोपली काढली. सगळे वाकले.

“पाखरू झाली गं वहिनी,” असं म्हणून शेजारच्या काकू रडल्या. बाबाही रडले, तोवर रडले नव्हते.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबा पुढे कितीतरी वर्षं गच्चीत तांदूळ टाकत.

फुंकर काही मारवेना. मेणबत्ती तशीही बोटभरच उरली होती, म्हटलं जाऊ दे आपली आपण. कापलेलं लिंबू वाया कशाला घालवा म्हणून सरबत करायला उठले. मावशींना विचारलं, तर नको म्हणाल्या. त्या लिंबाचं तर मुळीच नको.

साखर विरघळेपर्यंत पाच मिनिटं गेली असतील. परत आले तेव्हा वात मेणात आडवी झाली होती. धूर येऊन गेलेला, खोलीत नुसता वास. फोनमध्ये सदतीस फोटो आहेत. एकूण एक फोटोत ज्योत आहे.