अजनीच्या पुलावर रेस अडकली

मे महिन्यात नागपुरात दुपारी पान्याला हात लावायचा तरी फडकं घ्यावं लागतं. त्यामुळे एक ते चार आम्ही शटर अर्धं ओढून पडलेलो असतो. त्यातच सरांचा फोन आला. "अरे, गाडी थांबूनच नव्हती राहिली. आता थांबली आहे. अजनी पुलाच्या खाली, मेडिकल कॉलेजच्या बाजूने. तू ये लवकर."

सरांनी मला सातवीत गणित शिकवलंय. 'ये' म्हटलं की जावंच लागतं. गॅरेजमधल्या पोट्ट्याला मागे बसवून स्कूटर काढली.

गाडी 1997 ची मारुती एट हंड्रेड, एमएच 31 पासिंगची, तीन सिलिंडर, 796 सीसी, हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरवाली. काकू बाजूच्या सावलीत पदर डोक्यावर घेऊन उभ्या. सरांचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला. पुलावर पुढच्या ऑटोला मागे टाकायला त्यांनी एक्सलेटरचं पेडल पूर्ण दाबलं (ऑटोचा भाग काकूंनी सांगितला, सरांनी नाही) आणि पाय उचलला तरी रेस तशीच. घाबरून क्लच दाबला, तर ओझं सुटल्यामुळे इंजिन आणखीच किंचाळलं. मग गाडी न्यूट्रल केली, ब्रेक दाबला आणि किल्ली एक घर मागे फिरवली. किल्ली उपसली नाही हे नशीब. उपसली असती तर स्टिअरिंग लॉक झालं असतं आणि पुलाचा कठडा काही लांब नव्हता.

बोनेट उघडून आधी एक्सलेटरची केबल कार्बोरेटरवरून सोडली आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा उघडबंद करणाऱ्या झडपेची, पट्टी बोटाने फिरवून पाहिली. सोडताच टक करून जागेवर. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष, दोष केबलमध्ये किंवा तिच्या अलीकडे, पेडलपाशी. तिथेच मनात निकाल लावला: केबल बदलायची, तासाभराचं काम. ही घाई पुढे महागात पडली.

केबल सोडलेलीच ठेवून स्लोचा (पेडल न दाबता इंजिन चालतं त्या वेगाचा) स्क्रू थोडा वाढवला आणि पहिल्या गिअरमध्ये, एक्सलेटरशिवाय, बैलगाडीच्या चालीने मानेवाडा रोडवरच्या गॅरेजपर्यंत आणली. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते. काकू आणि सर ऑटोने पुढे गेले.

जुनी केबल बाहेर काढली, तर पेडलकडच्या निप्पलजवळ (तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीजवळ) तारेचे सातआठ धागे तुटून दाढीच्या ब्रशसारखे पिंजारलेले. त्यातला एक उलटा वळून आउटरच्या, म्हणजे तारेवरच्या नळीच्या, तोंडात रुतलेला. तार ओढली की धागा बाहेर सरकतो, परतताना काट्यासारखा अडतो. आउटर धरून ठेवणारी क्लिपच नव्हती. तो एअर फिल्टरच्या डब्याखाली चेपून त्याला मोड पडलेला. वर कार्बोरेटरवर एक जाडजूड जादा स्प्रिंग.

"ही कोणी लावली, सर?"

"हिवाळ्यात पेडल जड झालं होतं. रस्त्यावरच्या एकाने लावून दिली. तेलही टाकलं."

सगळी साखळी उलगडली. आउटरला मोड, म्हणून केबल जड. जड म्हणून परतत नाही, म्हणून जादा स्प्रिंग. स्प्रिंगमुळे पेडल आणखी जड, म्हणून सर आणखी जोर लावणार, आणि तार निप्पलपाशी तुटत जाणार. त्यात तेल. आत प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल टाकलं की धूळ धरून चिखल होतो. पण लोकांना तेल टाकल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटत नाही.

नवी केबल आणली, जुनीशी लांबी जुळवली, मोठं वळण देऊन क्लिपमध्ये बसवली. जादा स्प्रिंग फेकली. पोट्ट्याला पेडल पूर्ण दाबायला सांगून मी बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटलची झडप, बघत बसलो. पूर्ण उघडेना. केबलचा ताण धरणारा लॉकनट सोडून केबल आवळली. आता उघडली, पण पेडल सोडल्यावर स्लो चढलेला. ढिली केली, तर पुन्हा अर्धवट. तीनदा हाच खेळ. चौथ्यांदा पाना हातात घेतला, तेव्हा डॅशबोर्डखालून पोट्ट्याचा आवाज आला, "भाऊ, काहून आवळता? पेडलच वाकडं आहे ना जी."

खरंच वाकडं. इतक्या महिन्यांच्या जोराने दांडी खाली झुकलेली. केबल पूर्ण ओढली जायच्या आधीच पेडल तळाला टेकत होतं. आणि तळ तरी कुठला? कार्पेट, त्यावर रबरी मॅट, त्यावर काकूंचं तागाचं पायपुसणं. पूर्ण दाबलं की पेडलची कड पायपुसण्याच्या काठाखाली शिरायची. म्हणजे पुलावर गाडी कशाने अडकली, तारेच्या धाग्याने की पायपुसण्याने, मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. केबल आवळून गाडी देऊन टाकली असती, तर पायपुसणं तिथेच राहिलं असतं.

वाकलेली दांडी वाईसमध्ये सरळ करता येते, पण ती पुन्हा तिथेच वाकते. मागच्या भंगारातल्या दुसऱ्या एट हंड्रेडचं पेडल काढून बसवलं. केबलला थोडी ढील ठेवली, इंजिन गरम करून ती पुन्हा पाहिली, पंधरावीस वेळा तळापर्यंत दाबून सोडलं. दर वेळी टक.

सरांना दाखवलं, तर त्यांनी इंजिन बंद ठेवून स्वतः दाबून पाहिलं. मोजत होते बहुतेक, ओठ हलत होते. काकूंनी पायपुसणं माझ्या हातातून घेऊन पिशवीत कोंबलं आणि म्हणाल्या, "हे देवघरासमोर टाकते मी."

"आता पुलावरून नका जाऊ, सर. दुसरीकडून घ्या."

"पुलावरूनच जातो," सर म्हणाले. "नाहीतर उद्या गाडी बाहेर काढवणार नाही."

पोट्टा हात धूत होता, मी शटर पूर्ण वर ढकललं. वीसेक मिनिटांनी फोन वाजला.

"उतरलो रे," सर म्हणाले, आणि ठेवला.