बाजार खुला झाला तेव्हा आमचं वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं लेथकामाचं, म्हणजे फिरत्या धातूवर टूल धरून गोल भाग कातण्याचं, छोटं वर्कशॉप आहे. पिना, बुश, शाफ्ट अशा यंत्रांच्या सुट्या भागांची कामं. १९९१ च्या आधी काळजी असायची ती कच्चा माल मिळेल का याची. तयार माल खपायचाच. गिऱ्हाइकाला तोच माल परदेशातून आणायचा तर आयात परवाना हवा, वर सीमाशुल्क म्हणजे आयातीवरचा कर, त्याचा कमाल दर ३०० टक्क्यांच्याही वर. त्या भिंतीआड आम्ही खर्चावर नफा लावून भाव सांगत होतो.

२४ जुलै १९९१ च्या औद्योगिक धोरणाने १८ उद्योग सोडून बाकीच्यांना कारखान्यासाठी लागणारा सरकारी परवाना रद्द केला. आम्हाला झळ लागली ती सीमाशुल्क उतरू लागल्यावर. १९९५ पर्यंत कमाल दर ५० टक्क्यांवर आला, बाहेरचा माल स्वस्त पडू लागला आणि आमचं मुख्य गिऱ्हाईकच आम्हाला भाव सांगू लागलं. शिवाय प्रत्येक लॉटबरोबर तपासणीचा रिपोर्ट हवा; चार नग मापाबाहेर निघाले तर अख्खा लॉट परत.

खरी कसोटी इथे होती. आमचे टर्नर मामा हाताचे पक्के. ते म्हणाले, "साहेब, मोजतो तर रोजच. लिहून कोणाला दाखवायचं?" मी त्यांच्याशेजारी बसून दर काही नगांनंतर मायक्रोमीटरचं माप वहीत मांडू लागलो. आकडे एकाखाली एक आले तेव्हा मामांनीच बोट ठेवलं: टूल झिजेल तसा व्यास वाढत होता, आणि नग मापाबाहेर जायच्या बऱ्याच आधी ते दिसत होतं. मग टूल कधी बदलायचं ते मामा ठरवू लागले, वही तेच भरू लागले. परत येणारे लॉट कमी झाले. पुढे कर्ज काढून वापरलेलं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं, मशीन घेतलं. त्यावर ऑफसेट, म्हणजे टूलच्या झिजेनुसार मापाची दुरुस्ती, द्यायला मामा सगळ्यांत आधी शिकले.

शुल्क एका फटक्यात न उतरता टप्प्याटप्प्याने उतरलं, म्हणून आम्हाला शिकायला वेळ मिळाला, असं माझं ठाम मत आहे. तो वेळ सगळ्यांना पुरला नाही. आजूबाजूच्या कित्येक शेड बंद पडल्या, काही जागी आयटीची ऑफिसं उभी राहिली. तिथल्या पन्नाशीतल्या फिटर-टर्नरना नवं काम शिकवायची सोय कुणीतरी करायला हवी होती. ते मला आजही सलतं.

मोठ्या संख्येच्या पिना आम्ही सोडून दिल्या. त्या भावाला त्या परवडतच नव्हत्या. लहान लॉटची, तातडीची कामं धरली. बंद पडलेल्या मशीनला शाफ्ट हवा असेल तर बोटीने येणाऱ्या मालाची वाट कुणी बघत नाही. आजही आमचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे.