अर्ध्यावर अडलेला काटा

इंदूरहून महूला जाताना राऊच्या अलीकडे मोटरसायकल दोन आचके देऊन बंद पडली, तेव्हा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता. म्हणून आधी स्पार्क प्लग काढून पाहिला, मग कार्बोरेटरला शिव्या घातल्या. टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली, तर आत खळखळ नाहीच. हात सवयीनं, टाकीच्या तळाचं राखीव पेट्रोल सोडणाऱ्या रिझर्व्हच्या कॉककडे गेला. तो आधीपासूनच रिझर्व्हवर! केव्हापासून, देव जाणे.

इंदूरमध्ये अशा वेळी कुणीतरी थांबतंच. एक पोरगा आला, "भिया, टोचन कर दूं?" म्हणाला आणि माझ्या मागच्या फुटरेस्टला पाय लावून त्यानं मला पंपापर्यंत नेलं. महूला पोचायला तासभर उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं गाडीकडे न बघताच सांगितलं, "पूरा मीटर बदलना पड़ेगा." मला ते पटेना. वरच्या अर्ध्यात काटा अगदी बरोबर चालायचा. टाकी फुल केली की एफवर, रोजच्या फेऱ्यांत हळूहळू खाली. मीटर बिघडलं असतं तर त्यानं बरोब्बर अर्धीच ड्यूटी का करावी?

रविवारी लोकमान्यनगरच्या घरी अंगणात बसलो. टाकीखालचा सेन्सरचा प्लग काढून चावी फिरवली, काटा ईवर, म्हणजे रिकाम्यावर पडला. मीटरकडे जाणाऱ्या दोन तारा वायरच्या तुकड्यानं जोडल्या, तर सरसर एफवर गेला. म्हणजे मीटर आणि वायरिंग ठीक. (माझ्या गाडीत ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी तर टाकी भरलेली, काही गाड्यांत उलटं असतं.)

मग टाकीतलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढलं, टाकी उतरवली आणि बुडाचे चार नट खोलून सेन्सर बाहेर घेतला. दिसायला अगदी गरीब वस्तू: एक दांडी, टोकाला फ्लोट, मुळाशी रेझिस्टन्सची पट्टी. फ्लोट कानाशी हलवला. आत पेट्रोल शिरलं असतं तर डुचमळलं असतं. कोरडा. जेल रोडवरून आणलेल्या मल्टिमीटरवर दांडी वर नेली की ७ ओहम, खाली सोडली की ९६, मधे कुठे उडी नाही. सगळं ठणठणीत!

परत बसवला, प्लग जोडला. टाकी रिकामी आणि काटा अर्ध्यावर.

एव्हाना आई दोनदा सांगून गेली होती, "अरे, तुळशीपाशी दिवा लावायचाय, ते तुझं पेट्रोल उचल आधी." घाईनं सेन्सर पुन्हा काढायला गेलो तेव्हा टाकीत बारीकसं 'टक्' ऐकू आलं. दांडी उजेडात धरली. एका बाजूला नखाएवढी जागा घासून चकचकीत झालेली. फ्रेमचा पाइप मधून जावा म्हणून टाकीच्या बुडाला आतून एक उंचवटा असतो, दांडी त्यावर येऊन टेकत होती. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं म्हणून ती साफ करून घेतली होती. सेन्सर परत घालताना दांडी वाकली असणार, दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

पकडीनं तिला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर वळवलं, मुळाशी जोर येऊ न देता. सेन्सरची रबरी रिंग नवी टाकली. जुनी एकदा दाबली गेली की पुन्हा धड बसत नाही आणि पेट्रोल इंजिनवर टपकतं. जुनीच परत वापरायचा मोह नकोच.

डबा दिव्यापासून लांब, गल्लीच्या तोंडाशी नेला आणि सोमवारी सकाळी एकेक लिटर मापून ओतलं. दोन लिटरला काटा लाल पट्टीतून वर आला, सहाला अर्ध्याच्या किंचित पुढे गेला. साइड स्टँडवर मात्र वेगळंच दाखवतो, कारण टाकी कलते. म्हणून मोजताना गाडी मधल्या स्टँडवरच हवी.

जाता जाता कॉक ऑनवर फिरवला. इतका आखडला होता की पकड लावावी लागली.