खड्ड्यांच्या ओळीतली दोन अंडी

चाळीसगाव तालुक्यात, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या सीमेबाहेरच्या एका गावी मी पाणलोटाचे काम पाहत होतो. गायरानावर पावसाळ्यापूर्वी गिरिपुष्प आणि करंज लावायचे ठरले होते. जागा मीच निवडली होती आणि आराखड्यात तिच्यापुढे ‘पडीक’ असा शेराही मीच लिहिला होता.

मे महिन्यातल्या त्या सकाळी फक्कीच्या रेघांवर दीड फुटी खड्डे खणणे चालू असताना एका मजुराने उगारलेला टिकाव तसाच बाजूला ठेवला आणि मला हाक मारली. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरमात, गवताची काडीही न अंथरता घातलेली दोन अंडी होती. मातकट कवचावर काळपट ठिपके इतके दाट होते की नजर क्षणभर हलली तरी ती पुन्हा शोधावी लागत. थोड्या अंतरावर धाविक पक्ष्यांची जोडी चार पावले धावत होती, ताठ उभी राहत होती आणि पुन्हा धावत होती.

गलका ऐकून मेंढ्यांमागे असलेले एक म्हातारे बाबा जवळ आले. अंड्यांकडे पाहून झाल्यावर त्यांनी मला विचारले, “भाऊ, आठे झाडं लावशात तं मन्या मेंढ्या कथा चरतीन?” इथे झाडे लावलीत तर माझ्या मेंढ्या कुठे चरतील, हा त्यांचा प्रश्न होता. मला उत्तर सुचले नाही. मग त्यांनीच वाळलेली ठोंबे हाताने फाकवून मला पवन्या, मारवेल आणि कुसळी ही गवते दाखवली. कुसळे धरण्यापूर्वी कुसळी मेंढ्या आवडीने खातात, नंतर ती लोकरीत रुतते, हेही सांगितले. ठोंब वरून कोरडे ठणठणीत असले तरी बुडाशी हिरवा कोंब शाबूत होता. ज्या जमिनीला मी पडीक म्हटले होते, ती त्यांच्या लेखी ऋतूप्रमाणे वापरायची चराई होती.

त्या दोन अंड्यांपाशी उभा असताना मला पाटणे आठवले. याच तालुक्यातल्या त्या गावी पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळाला. तो काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग हा दाट जंगलाचा नव्हे, मोकळ्या माळाचा पक्षी. म्हणजे त्या काळच्या इथल्या माणसांसमोर गवताचे रान होते, आणि ते ओसाड म्हणावे असे मुळीच नव्हते. पुढे गिरणेकाठी बहाळला ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वसले. पाटण्यालाच १२०७ साली भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे शिलालेख सांगतो. या सगळ्या काळात शेत, रान आणि कुरण शेजारी शेजारी होते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर मात्र महसूल देईल तीच जमीन कामाची, हा हिशेब पक्का झाला आणि नंतर रेल्वे व कापसाच्या मागणीने माळ नांगराखाली जात राहिले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाल्याने डोंगरातले जंगल सुमारे २६० चौरस किलोमीटरवर राखले गेले, ही मोठीच गोष्ट आहे. पण सीमेबाहेरच्या गवताला मात्र कुणी वाली उरला नाही. माझा ‘पडीक’ हा शेरा त्याच जुन्या हिशेबातून आला होता, हे मला त्या दिवशी उमगले आणि फार लागले.

मी काम थांबवले. दुपारच्या आत खणलेले खड्डे त्याच मातीने बुजवले आणि अंड्यांच्या बाजूची फक्की पायाने पुसली. पुढच्या ग्रामसभेत करंजाची रोपे नाल्याच्या दोन्ही काठांवर हलवण्याचे आणि गायरानावरचे गवत बी गळेपर्यंत न कापण्याचे ठरले. मेंढ्यांची वाट कोणत्या बाजूने ठेवायची, ती रेघ बाबांनी स्वतः काठीने आखून दिली.