‘सोर्स आयपी (स्टॅटिक)’ या रकान्याने घेतलेला माझा अंत

पुणे-मुंबई ट्रेनमध्ये बसून ऑफिसच्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घाटातल्या बोगद्यांत नेट जातं, परत येतं तेव्हा कधीकधी आयपी (नेटवरचा आपला पत्ता) बदललेला असतो आणि एसएसएचचं, म्हणजे दुरून सर्व्हरवर काम करायच्या जोडणीचं, सेशन गोठतं. एसएसएच ज्यावर चालतं ते टीसीपी कनेक्शन ओळखलं जातं दोन्हीकडचे आयपी आणि दोन्हीकडचे पोर्ट (क्रमांक दिलेली दारं) यांवरून. त्यातलं एक जरी बदललं, की सर्व्हरच्या लेखी तुम्ही कुणी दुसरेच.

यावर उपाय वायरगार्ड, म्हणजे लॅपटॉप ते सर्व्हर असा एन्क्रिप्टेड बोगदा करणारा व्हीपीएन. तो २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, बसवायला काहीच त्रास झाला नाही. घोडं अडलं ते त्यासाठी ऑफिसकडून पोर्ट उघडून घेण्याच्या फॉर्मवर.

त्यात ‘सोर्स आयपी (स्टॅटिक)’ हा रकाना, म्हणजे तुम्ही जिथून येणार तो न बदलणारा पत्ता, सक्तीचा! मोबाइलवर स्टॅटिक आयपी आणू कुठून? मोबाइल कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्याआड ढीगभर ग्राहक बसवते. त्या वेळी दिसणारा पत्ता लिहिला असता, तर पुढच्या वेळी मी बाहेर आणि त्या पत्त्याआडचे अनोळखी लोक यादीत. ‘लागू नाही’ लिहिलं, फॉर्म परत. ‘मोबाइल’ लिहिलं, परत. फोन केला तर, “सर, आधी आयपी टाका, मग बघू.” पत्ता आणि ओळख वेगळी ठेवा, हे होस्ट आयडेंटिटी प्रोटोकॉलवाल्यांनी २००६ सालच्या आरएफसी ४४२३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलंय. आमच्या फॉर्मपर्यंत ते पोचायचंय.

शेवटी नेटवर्क टीममधल्या एका मॅडमनी विचारलं, “मग तुम्हाला ओळखायचं कशावरून?” इतक्या दिवसांतला पहिला शहाणा प्रश्न! म्हटलं, ‘पब्लिक की’वरून, म्हणजे वायरगार्डमधल्या माझ्या जाहीर डिजिटल किल्लीवरून. योग्य कीचं शेवटचं पॅकेट जिथून आलं, तिथे सर्व्हर उत्तर पाठवतो. पत्ता कितीही बदलो. की नसलेल्याला उत्तरच मिळत नाही, त्यामुळे पोर्ट सगळ्यांना उघडा असला तरी बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही दिसत नाही. त्यांनी सोर्समध्ये ‘एनी’ (कुठूनही) लिहिलं, शेऱ्यात माझी की चिकटवली आणि सही केली.

तेव्हा तुम्ही तुमची पब्लिक की पहिल्याच अर्जात शेऱ्यात द्या. वायरगार्डसाठी यूडीपी ५१८२० एवढा एकच पोर्ट मागा. मॉश (पत्ता बदलला तरी सेशन टिकवणारा, एसएसएचला पर्याय) सुद्धा छान आहे, पण त्याचे ६०००० ते ६१००० पोर्ट मागितलेत तर फॉर्म वर्षभर फिरेल. हो, आणि एसएसएच करताना सर्व्हरचा बोगद्याच्या (वायरगार्डच्या, घाटातल्या नव्हे) आतला आयपी वापरा. तिथे तुमचाही आयपी कायम राहतो, म्हणून सेशन टिकतं. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवायला ठरावीक वेळाने पाठवलेलं पॅकेट) २५ सेकंद ठेवा. एकच की दोन लॅपटॉपवर टाकू नका. ज्याचं पॅकेट शेवटचं, त्याच्याकडे उत्तरं जातात आणि दुसरा ताटकळत बसतो.